परदेशात मराठी मिस्सा सुरू करताना

वसई, मुंबई, नाशिक, अहिल्यानगर, संभाजीनगर अशा भागांतून परदेशी गेलेली पंधरा-वीस कॅथलिक कुटुंबं एखाद्या शहरात एकत्र आली की पहिल्या ख्रिसमसच्या जेवणातच विषय निघतो, “आपली मराठी मिस्सा इथे का नको?” (मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य सामुदायिक उपासना.) उत्साह खरा असतो. पहिल्या मिस्सेला चर्च भरतं, दुसऱ्या खेपेला गर्दी निम्मी होते आणि चौथ्या-पाचव्या खेपेला गाडं बंद पडतं. भक्ती कमी पडली म्हणून ते बंद पडत नाही. परवानगी, पंचांग, गायन आणि नोंदी या चार गोष्टी कुणाच्याही अंगावर नेमून दिलेल्या नसतात, म्हणून पडतं. शिवाय सुरुवातीलाच एक गोष्ट नीट समजून घेतलेली नसते: परदेशातली मराठी मिस्सा ही तिथल्या स्थानिक धर्मग्रामाची (पॅरिशची) मिस्सा आहे, आपल्या भाषेत. ती मंडळाचा कार्यक्रम नव्हे. हे पक्कं असेल तर पुढचे निर्णय सोपे जातात.

आधी धर्मग्रामात नाव

सगळ्यात आधी प्रत्येक कुटुंबानं आपापल्या जवळच्या धर्मग्रामात रीतसर नावनोंदणी करावी. पुष्कळ देशांत ही नोंदणी आपोआप होत नाही, फॉर्म भरावा लागतो. प्रमुख धर्मगुरूंना भेटायला जाल तेव्हा “आमचा समाज मोठा आहे” हे सांगून फारसं काही साधत नाही. “आमची बारा कुटुंबं तुमच्या नोंदवहीत आहेत, त्यांतले दोघे रविवारी वाचन करतात, एक जण पार्किंगला उभा असतो” हे सांगितलं की त्यांना बोलायला जागा मिळते. दोनच माणसांनी जावं, लेखी अर्ज न्यावा. अर्जात हवं: वर्षातून किती मिस्सा, कोणते वार आणि वेळा, अंदाजे माणसं, धर्मगुरू कोण, हॉल लागेल का, साफसफाई आणि किल्ल्या कोणाकडे. बहुतेक ठिकाणी सकाळच्या वेळा भरलेल्या असतात. दुपारी तीन-चारची वेळ मागा, ती मिळते. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची मानली जाते, त्यामुळे रविवारी कामावर असणाऱ्यांसाठी ती चांगली सोय आहे.

मिस्सा पहिल्यापासून दर महिन्याला ठेवू नका. तीन महिन्यांतून एकदा ठेवा, पण दिवस ठरलेला असू द्या, जसा “तिमाहीच्या दुसऱ्या महिन्याचा दुसरा रविवार”. नर्स, ड्रायव्हर, हॉटेलात काम करणारे लोक पाळीची अदलाबदल महिनाभर आधी करतात. दर वेळी व्हॉट्सअपवर तारीख शोधावी लागली की पहिली गळती त्यांचीच होते, आणि खरं तर आपल्या भाषेतल्या प्रार्थनेची सगळ्यात जास्त ओढ त्यांनाच असते.

इथे एक तुलना नेहमी कानावर येते: “मल्याळी लोकांना स्वतःचा बिशप मिळतो, आम्हाला का नाही?” केरळमधली सिरो-मलबार ही रोमशी एकरूप असलेली, पण स्वतंत्र उपासनापद्धतीची पौर्वात्य चर्च आहे. म्हणून स्थलांतरित सिरो-मलबार भाविकांसाठी 1988 मध्ये आपल्याच कल्याणला धर्मप्रांत झाला, 2001 मध्ये शिकागोला, 2013 मध्ये मेलबर्नला, 2016 मध्ये ग्रेट ब्रिटनसाठी. आपण लॅटिन पद्धतीचे. जिथे राहतो तिथल्या लॅटिन बिशपांचेच आपण भाविक. आपल्यासाठी वेगळे मार्ग आहेत: भाषेच्या आधारावर वैयक्तिक धर्मग्राम (कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, कलम 518) किंवा स्थलांतरितांसाठी चॅप्लन, म्हणजे खास नेमलेले धर्मगुरू (कलम 568). पोप पायस बाराव्यांच्या 1952 च्या स्थलांतरितांवरील दस्तऐवजापासून 2004 च्या व्हॅटिकन सूचनेपर्यंत चर्चनं हे सातत्यानं सांगितलं आहे की स्थलांतरितांना आपल्या भाषेत आणि आपल्या परंपरेत उपासना मिळाली पाहिजे. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नाही. तरीही पन्नास-साठ कुटुंबांसाठी चॅप्लन मिळेल अशी आशा धरू नका. एका धर्मग्रामाच्या छत्राखाली ठरलेली मिस्सा हा आपल्या आकाराच्या समाजाला झेपणारा मार्ग आहे.

धर्मगुरू

गावाकडून सुट्टीवर आलेले फादर “येतो, करतो” म्हणतात आणि आपण खूश होतो. पण त्यांना आपल्या बिशपांचं किंवा संस्थेच्या वरिष्ठांचं अलीकडचं पत्र लागतं. त्याला सेलेब्रेट म्हणतात (कलम 903). ते स्थानिक धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे आधीच पोचलेलं बरं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका या देशांत बालसुरक्षेची कागदपत्रंही मागतात आणि त्याला आठवडे लागतात. फादर शुक्रवारी उतरले आणि रविवारी मिस्सा, हे गणित जमत नाही. सहा आठवडे आधी कागद हलवा.

फादर त्याच शहरात दुसऱ्या धर्मग्रामात सेवेत असतील तर वेगळा प्रश्न येतो. कलम 905 प्रमाणे धर्मगुरूंनी साधारणपणे दिवसाला एकच मिस्सा अर्पण करायची. धर्मगुरूंचा तुटवडा असेल तर बिशप दोन आणि रविवारी तीनपर्यंत परवानगी देऊ शकतात. सकाळी दोन मिस्सा केलेल्या फादरांची तिसरी मिस्सा आपली. त्यांना आणायला-सोडायला गाडी ठेवा आणि मिस्सेनंतरचे सत्कार-भाषणांचे कार्यक्रम लांबवू नका.

मराठी धर्मगुरू मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. स्थानिक फादर त्यांच्या भाषेत मिस्सा अर्पण करतील, आणि आपली गीतं, पहिलं वाचन, प्रतिसाद स्तोत्र आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थना मराठीत होतील. हा टप्पा कमी दर्जाचा समजू नये. पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षं हेच चालतं आणि उत्तम चालतं. फक्त एक करू नका: मराठी न येणाऱ्या फादरांच्या हातात रोमन लिपीत लिहिलेली मराठी युखारिस्तिक प्रार्थना (भाकर आणि द्राक्षारस पवित्र करण्याची मुख्य प्रार्थना) देऊ नका. ते प्रेमानं वाचतील, पण मिस्सेच्या सर्वांत पवित्र क्षणी सगळी मंडळी उच्चारांकडे कान लावून बसतील. त्यांना सुरुवातीचं अभिवादन आणि शेवटचा आशीर्वाद मराठीत शिकवा. तेवढ्यानं चर्चमधले चेहरे फुलतात.

मिश्र भाषेच्या मिस्सेत प्रत्येक वाचन दोनदा करण्याचा मोह टाळा. पहिलं वाचन मराठीत, दुसरं स्थानिक भाषेत, शुभवर्तमान एकाच भाषेत आणि दुसऱ्या भाषेतला मजकूर पुस्तिकेत छापलेला, हे पुरतं. श्रद्धावंतांच्या प्रार्थना वेगवेगळ्या भाषांत चालतात, प्रतिसाद मात्र एकच ठेवा. युखारिस्तिक प्रार्थना अर्ध्यात भाषा बदलून म्हणू नये. पुढच्या मिस्सेच्या गाड्या पार्किंगमध्ये यायला लागतात तेव्हा आपली मिस्सा संपलेली असली पाहिजे. प्रवचनासह सत्तर मिनिटांत बसवा.

पंचांग: सगळ्यात जास्त घोळ इथेच

मिस्सा जिथे होते तिथलं उपासनेचं पंचांग लागू होतं, भारतातलं नाही. पण गायकवृंद वाचनं घेतो ती गावच्या दिनदर्शिकेवरून किंवा वसईहून आलेल्या पीडीएफवरून. वर्षातले बरेच रविवार दोन्ही जुळतात, म्हणून चूक लक्षात येत नाही.

2026 चं उदाहरण पाहा. ईस्टर 5 एप्रिलला. भारतात प्रभूचं स्वर्गारोहण रविवारी, 17 मे रोजी. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2017 पासून हा सण पुन्हा गुरुवारी साजरा होतो, म्हणजे 14 मे रोजी, आणि 17 मे हा तिथे पास्काकाळाचा सातवा रविवार. अमेरिकेत न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया अशा काही प्रांतांत गुरुवार, बाकी ठिकाणी रविवार. त्यामुळे लंडनच्या मराठी वाचकानं मत्तय 28 ची तयारी करून यायचं आणि फादरांनी योहान 17 उघडायचं, असं होतं. उपाय सोपा आहे. त्या धर्मग्रामाकडून त्या वर्षीचं पंचांग घ्या आणि वर्षाच्या सगळ्या मराठी मिस्सांची वाचनं एकदाच, एकाच माणसानं लिहून काढा. रविवारची वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या चक्रात येतात. चक्र कोणतं हे ओळखायची खूण: ज्या सनाला तीननं भाग जातो ते वर्ष क. म्हणून 2025 क होतं, 2026 अ, 2027 ब. उपासनेचं वर्ष मात्र आगमनकाळाच्या (ख्रिसमसआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी बदलतं, एक जानेवारीला नाही. डिसेंबरच्या मिस्सेत हमखास जुन्या वर्षाचं वाचन निघतं ते यामुळे.

सणांचंही तसंच. संत तोमासांचा 3 जुलै आणि संत फ्रान्सिस झेवियरांचा 3 डिसेंबर हे भारतात मोठे सोहळे. इतर देशांत तोमास हा प्रेषिताचा साधा सण आणि झेवियर हा स्मरणदिन असतो. आगमनकाळाच्या रविवारपुढे तर कोणत्याच संताचा सण टिकत नाही. मरियेचं स्वर्गोन्नयन, 15 ऑगस्ट, सामान्यकाळातल्या रविवारपेक्षा वरच्या दर्जाचं असल्यानं लोकांच्या भक्तीसाठी जवळच्या रविवारी नेता येतं, फादरांशी बोलून. आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा मरियेचा जन्मदिन, 8 सप्टेंबर, त्या दर्जाचा नाही. तो रविवारी घ्यायचा असेल तर वाचनं आणि फादरांच्या प्रार्थना रविवारच्याच राहतात. मूर्ती, फुलं, प्रवचनातला उल्लेख, एक विनंती आणि शेवटचं गीत मात्र माउलीचं घ्या. भाविकांना काही कमी पडल्यासारखं वाटत नाही आणि उपासनेचा नियमही राहतो.

वसईकरांसाठी एक आनंदाची गोष्ट आहे. संत गोन्सालो गार्सिया वसईचे, 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झालेल्या 26 जणांपैकी एक, 1862 मध्ये संतपदी. या सगळ्या हुतात्म्यांचा स्मरणदिन 6 फेब्रुवारीला जगभरच्या पंचांगात आहे, संत पॉल मिकी आणि सोबती या नावानं. गोन्सालो त्या सोबत्यांतलेच. म्हणजे जगातल्या बहुतेक चर्चमध्ये त्या दिवशी लाल वस्त्रं घालून त्यांचं नाव घेत मिस्सा अर्पण करायला वेगळी परवानगी लागत नाही. 2026 मध्ये 6 फेब्रुवारी शुक्रवारी. 2027 मध्ये शनिवारी, तेव्हा मिस्सा सकाळी घ्यावी, कारण संध्याकाळी रविवारची उपासना सुरू होते. 2028 मध्ये रविवारीच येतो, म्हणून त्या वर्षी आदल्या संध्याकाळी नोव्हेनेची (नऊ दिवसांच्या भक्तीतली) प्रार्थना हा उत्तम पर्याय.

आखातातली तऱ्हा आणखी वेगळी. कुवेत, कतार, बहरीनमध्ये सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे रविवारची उपासना बहुतेक लोक शुक्रवारी करतात. एकाच आवारात डझनभर भाषांच्या मिस्सा पाठोपाठ चालतात. तिथे पंधरा मिनिटं उशीर म्हणजे दुसऱ्या समाजाची वेळ खाणं. मिरवणूक काढायची ती चर्चच्या आवाराच्या आतच.

गायन

मराठी मिस्सेला लोक ओढीनं येतात ते गीतांसाठी. म्हणून इथे थोडं सविस्तर.

प्रतिसाद स्तोत्राच्या जागी आवडतं भजन म्हणायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. ती सोडावी. स्तोत्र हे देवाचं वचन आहे, वाचनाचाच भाग आहे. त्याच्या जागी दुसरं गीत घेता येत नाही. चाल बसलेली नसेल तर प्रतिसादाची ओळ तेवढी गावी आणि कडवी शांतपणे वाचावीत. ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ आणि प्रभूची प्रार्थना यांचे शब्द मिस्सलमधलेच (मिस्सेच्या अधिकृत पुस्तकातलेच) हवेत. चालीसाठी शब्द वाढवलेल्या किंवा बदललेल्या आवृत्त्या मिस्सेबाहेर म्हणा. आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात गौरवगीत नाही, उपवासकाळात आलेलुया नाही, आणि उपवासकाळात वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून. नुसती हार्मोनियमची धून तेव्हा वाजवायची नाही. युखारिस्तिक प्रार्थना फादर म्हणत असताना कोणतंच वाद्य मागे वाजू नये. हळू आवाजातली पेटीसुद्धा नाही.

वसईकडची, मुंबईच्या कोळीवाड्यांची आणि नगर-संभाजीनगरकडची मंडळी एकाच गीताच्या वेगवेगळ्या चाली घेऊन येतात. पहिल्या मिस्सेत मग दोन चाली एकमेकींवर आदळतात. बारा गीतांचा समान संच ठरवा: प्रवेश तीन, अर्पण तीन, कम्युनियन तीन, माउलीची दोन, एक समारोपाचं. वर्षभर तीच गा. लोकांना पाठ झाल्याशिवाय नवीन गीत आणू नका. आणि संच निवडताना एकाच भागाच्या गीतांनी तो भरू नका. समाजाला “वसईकरांची मिस्सा” असं नाव पडलं की मराठवाड्याकडची कुटुंबं न बोलता यायची थांबतात.

पट्टी ठरवताना गायकाचा गळा बघू नका, मागच्या बाकावरच्या आजोबांचा बघा. गीताचा सर्वांत वरचा सूर तार सप्तकातल्या पांढरी दोनच्या वर जात असेल तर लोक गप्प बसतात. शक्यतो सगळी गीतं एकाच पट्टीत बसवा म्हणजे तबला मध्येच लावावा लागत नाही. तबला काळी एकचा असेल आणि साथीला स्थानिक ऑर्गनवादक असेल, तर त्याला ती पट्टी अवघड जाते. कीबोर्डवर ट्रान्सपोज करून घ्या, गिटारवाल्यानं कापो लावावा.

थंड देशांत हिवाळ्यात चर्चचं हीटिंग हवा कोरडी करतं. तबल्याची पुडी ताणली जाते, सूर चढतो, कधी पुडी फुटतेही. गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवलेला तबला थेट चर्चमध्ये आणून लावला की पहिल्या दोन गीतांतच उतरतो किंवा चढतो. वाद्यं पाऊण तास आधी आत आणून ठेवा, मगच लावा.

मोठ्या दगडी चर्चमध्ये आणखी एक अडचण येते. वेदीपुढे उभं राहून एक टाळी वाजवा. आवाज विरायला दोन-तीन सेकंद लागत असतील तर द्रुत केरव्याची प्रत्येक मात्रा पुढच्या मात्रेवर सांडते आणि शब्द कळत नाहीत. तिथे लय उतरवा, डग्ग्याचा माइक काढून टाका, गायकांचे माइक तोंडाजवळ घ्या आणि ढोलकी फक्त शेवटच्या गीताला ठेवा. आवाज वाढवून हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. आठ गायक, एक पेटी, एक तबला एवढं पुष्कळ झालं.

आरती, समई, फुलं

मिस्सेत समई, आरती, पंचांग प्रणाम, शांतीसाठी हात जोडणं, हे सगळं 1969 साली रोमनं भारतासाठी मान्य केलेल्या 12 बाबींतून आलं. ती मान्यता भारतापुरती आहे. परदेशात फादरांना आधी दाखवावं लागतं काय करणार आहोत, कुठे, आणि त्याचा अर्थ काय. “हे आमच्याकडे असंच असतं” एवढं सांगून सोडू नका. एका पानावर लिहून द्या: मिस्सेच्या सुरुवातीला दीपप्रज्वलन, शुभवर्तमानाच्या पुस्तकाला पुष्पमाला, युखारिस्तिक प्रार्थनेच्या शेवटच्या स्तुतीला आरती. बहुतेक फादर आनंदानं होकार देतात. काही जण आरती नको म्हणतात. तेव्हा वाद घालू नका, दीपप्रज्वलन ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

आता प्रत्यक्ष कृती. वेदीपाशी गालिचा असतो. समईत तेल काठोकाठ भरू नका, निम्म्यापर्यंतच भरा आणि खाली पितळी परात ठेवा. आरतीच्या ताटात तेलाच्या निरांजनाऐवजी तुपात भिजवून गोठवलेल्या फुलवाती वापरा, हात हलला तरी काही सांडत नाही. कापूर नकोच, काजळी धरते आणि धुराचा अलार्म वाजवतो. धूपदानी वापरणार असाल तर सॅक्रिस्टनला (चर्चच्या साहित्याची देखभाल करणाऱ्याला) आठवडाभर आधी विचारा की अलार्म तेवढ्यापुरता बंद ठेवता येतो का आणि तो कोणी करायचा. कोळसा दहा मिनिटं आधी पेटवा. झेंडूच्या पाकळ्यांचा डाग फिकट गालिच्यातून निघत नाही, म्हणून अर्पणाची फुलं ताटातच राहू द्या. आरती करणाऱ्या मुलींनी एकदा त्याच जागी, त्याच साडीत किंवा लुगड्यात सराव करावा. पायऱ्या अनोळखी असतात.

पुस्तिका

गावाकडून आलेल्या गीतांच्या फाइली बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांचा चुराडा दिसतो. पीडीएफ मागवा किंवा एकदाच बसून सगळं युनिकोडमध्ये टाइप करा. एकदा केलं की वर्षानुवर्षं पुरतं. पडद्यावर दाखवणार असाल तर फाइलमध्ये फॉन्ट एम्बेड करा, नाहीतर चर्चच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात आणि ‘ख्रिस्त’ तुकड्यांत दिसतो.

ए-फोर कागद मधोमध घडी घालून पुस्तिका होते, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत हवी. सोळा पानं म्हणजे चार कागद. अक्षर चौदा पॉइंटच्या खाली नको. डाव्या पानावर देवनागरी, समोर तेच रोमन लिपीत, ओळीला ओळ जुळवून. तिकडे वाढलेली मुलं घरात मराठी बोलतात पण देवनागरी वाचत नाहीत, आणि त्यांना वगळून केलेली मिस्सा आईवडिलांच्या पिढीबरोबर संपते. रोमन लिहिताना दीर्घ ‘आ’ कसा दाखवायचा, ‘ळ’ आणि ‘ण’ला काय करायचं, हे एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच वापरा. लहान मुलाला वाचन द्यायचं असेल तर मजकूर तीन आठवडे आधी द्या, सोबत कुणीतरी वाचलेलं ध्वनिमुद्रणही द्या.

नोव्हेना, आगेरा, पवित्र आठवडा

माउलीची नोव्हेना 30 ऑगस्ट ते 7 सप्टेंबर. नऊही संध्याकाळी चर्च मिळणं कठीण. फिलिपिनो समाजानं हा प्रश्न फार छान सोडवला आहे. त्यांच्या देशात ख्रिसमसआधीच्या नऊ मिस्सा, सिमबांग गाबी, 16 ते 24 डिसेंबर पहाटे होतात. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी त्या 15 ते 23 डिसेंबर संध्याकाळी घेतात आणि वेगवेगळे धर्मग्राम एकेक दिवस वाटून घेतात. आपणही सात दिवस सात घरांत जपमाळ आणि लितानी, आठवा दिवस ऑनलाइन, नववा चर्चमध्ये, असं करू शकतो. मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरात नेणारी माणसं आधी नेमा.

ईस्ट इंडियन समाजाचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, नव्या भाताच्या कणसांचा आशीर्वाद. गावाहून कणसं सामानातून आणू नका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये बियाणं आणि धान्याच्या ओंब्या विमानतळावर जप्त होतात, दंडही होतो. जिथे राहतो तिथलं पीक आणा. गहू असेल तर गहू. आगेरा हा नव्या पिकाच्या कृतज्ञतेचा सण आहे, आणि त्या देशाच्या मातीनंही आपल्याला पोसलं आहे.

पवित्र आठवड्यात वेगळेपणाचा आग्रह सोडावा. क्रुसाची वाट मराठीत जरूर ठेवा, उपवासकाळातल्या एखाद्या शुक्रवारी. पण ईस्टरच्या जागरणविधीसाठी छोट्या गटांनी एकत्र यावं असं चर्च 1988 च्या सूचनेत स्पष्ट सांगते. त्या रात्री जुन्या करारातली सात वाचनं असतात, काही वेळा कमी करतात, पण निर्गम 14 कधीच वगळत नाहीत. एक वाचन मराठीत मिळावं अशी विनंती फेब्रुवारीतच करा. सगळ्या धर्मग्रामासमोर मराठीतून देवाचं वचन ऐकू येणं हे वेगळ्या खोलीतल्या वेगळ्या विधीपेक्षा कितीतरी मोठं आहे.

नोंदी आणि पैसे

मराठी फादर आले आहेत तर बाप्तिस्मा किंवा लग्न उरकून घेऊ, असं कुटुंबांना वाटतं. लग्नाच्या बाबतीत हे फार धोक्याचं आहे. बाहेरच्या धर्मगुरूंना त्या लग्नासाठी स्थानिक प्रमुख धर्मगुरूंनी किंवा बिशपांनी अधिकार सोपवलेला नसेल तर ते लग्न चर्चच्या दृष्टीनं अवैध ठरतं (कलमं 1108 आणि 1111). तोंडी “हो हो” वर विसंबू नका, कागदावर घ्या. लग्नाची नोंद नंतर बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामाच्या वहीत जायला हवी, म्हणजे वसई-नाशिकच्या चर्चपर्यंत. ती गेली का, हे कुटुंबानंच विचारावं. पासपोर्टवरचं आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं स्पेलिंग वेगळं असेल तर आधीच तसं लेखी घेऊन ठेवा. लग्नासाठी दाखला बहुधा सहा महिन्यांच्या आतला मागतात, त्यामुळे आईनं जपून ठेवलेला जुना दाखला चालत नाही.

मिस्सेतलं कलेक्शन धर्मग्रामाचं. पुस्तिका, हॉल, जेवण यांसाठी वर्गणी वेगळी, मिस्सेबाहेर, पावतीसह, आणि हिशोब दर सहा महिन्यांनी सगळ्यांना. गावच्या चर्चच्या छपरासाठी पैसे पाठवायचे असतील तर आधी विचारा की त्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी मदत घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी) आहे का. परदेशी मदत भारतात फक्त नोंदणीकृत (किंवा सरकारची पूर्वपरवानगी मिळालेल्या) संस्थेला आणि तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी मदत धरत नाहीत. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे, ओसीआय कार्ड असलं तरी, धरतात, आणि तिथे नोंदलेल्या आपल्या मंडळाचेही धरतात. सगळ्यांची वर्गणी एकत्र करून कुणा एकाच्या खात्यातून फादरांच्या वैयक्तिक खात्यात टाकली, तर उद्या अडचणीत येतात ते गावचे फादर.

या सगळ्याची एक फाइल ठेवा: परवानगीची पत्रं, वर्षाची वाचनं, गीतसंच आणि पट्ट्या, सॅक्रिस्टनचा फोन, हिशोब. ती दोघांकडे असू द्या, कारण परदेशातल्या समाजात नोकरी बदलली की माणूस शहर सोडतो, आणि बहुतेक वेळा नेमका पेटीवालाच जातो.